अभिजात स्त्रीमूर्ती आणि जोडशिल्प: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हीनस, नायकी (ग्रीकांची पंखधारी विजयदेवता), कॅरिअॅटिड (खांबाच्या जागी छत पेलणारी ग्रीक स्त्रीमूर्ती), यक्षी अशा जुन्या स्त्रीमूर्ती आजच्या वस्तूंमधून नव्यानं घडवणाऱ्यांकडून आणि तसं काम जवळून पाहणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीचे धागे दोन-तीन उत्तरांत असतील तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. असेंब्लाज म्हणजे नेमकं काय? कोलाज आणि भंगारशिल्पापेक्षा ते वेगळं कसं?

कोलाज सपाट पृष्ठभागावर होतो, असेंब्लाज जागा व्यापतो. दगड कोरून किंवा माती चढवून आकार काढण्याऐवजी आधीच घडलेल्या वस्तू एकमेकींना जोडून शिल्प उभं करायचं, म्हणून मराठीत ‘जोडशिल्प’ हा शब्द चपखल बसतो. फ्रेंच चित्रकार झां द्युब्युफे यांनी १९५३ च्या सुमारास हा शब्द आपल्या कामांसाठी वापरला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९६१ साली भरलेल्या प्रदर्शनानंतर तो सर्वतोमुखी झाला.

भंगारशिल्पात लोखंड हा बहुतेक वेळा नुसता कच्चा माल असतो. जोडशिल्पात वस्तू आपली ओळख सोडत नाही. चमचा पापणी होतो आणि चमचाही राहतो. बघणाऱ्याला एकाच क्षणी दोन्ही दिसलं नाही, तर तो चमचा तिथे उगाच आहे.

२. अभिजात मूर्ती म्हणजे शुभ्र, अखंड संगमरवर. तिला लोखंड-प्लास्टिक लावणं हा विचका नाही का?

शुभ्रही नव्हती आणि अखंडही नव्हती. ग्रीक शिल्पकार फिडिअसची अथीना देवीची मूर्ती, अथीना पार्थेनॉस (इ.स.पू. ४३८), लाकडी गाभ्यावर हस्तिदंत आणि सोन्याचे पत्रे चढवून केलेली होती. सोनं उतरवता येईल अशीच तिची रचना होती. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या, आज हात नसलेल्या मिलोच्या व्हीनसचं धड दोन मुख्य ठोकळ्यांचं आहे आणि त्यांचा सांधा कमरेपाशी वस्त्राच्या घडीत लपवला आहे. हात वेगळे घडवून खुंट्यांवर बसवले होते. धातूचे दागिनेही होते, आज त्यांची फक्त भोकं उरली आहेत. ग्रीक संगमरवरी मूर्ती रंगवलेल्या असत, हे उरलेल्या रंगकणांवरून सिद्ध झालं आहे.

जुन्या कारागिरांनी सांधा लपवला आणि जोडशिल्पात तो बहुधा उघडा ठेवतात, एवढाच काय तो फरक.

३. सुरुवातीला कोणाची कामं पाहावीत?

साल्वादोर दालीची ‘खणांची व्हीनस’ (१९३६): प्लास्टरच्या प्रतिकृतीत खण कापले आहेत आणि त्यांच्या मुठींवर मिंकच्या फरचे गोंडे लावले आहेत. मिकेलान्जेलो पिस्तोलेत्तोची ‘चिंध्यांची व्हीनस’ (१९६७): पाठमोरी व्हीनस जुन्या कपड्यांच्या ढिगात तोंड खुपसून उभी आहे. यात सांधा असा नाहीच. दोन गोष्टी नुसत्या शेजारी ठेवल्या आहेत आणि तेवढ्यानं काम होतं.

मृणालिनी मुखर्जींची ‘यक्षी’ (१९८४) दोराच्या गाठींतून उभी राहिली आहे. काटेकोर बोलायचं तर ती जोडशिल्पात मोडत नाही, पण दगडाचा भारदस्तपणा मऊ माध्यमात कसा येतो हे शिकायचं तर तिला पर्याय नाही. भारती खेर यांनी मातीच्या लहान बाहुल्या फोडून, वेगवेगळे तुकडे जोडून नव्या आकृत्या केल्या. त्यांतलीच एक वाढवून २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळ ‘अॅन्सेस्टर’ हे अठरा फुटी कांस्यशिल्प उभं राहिलं.

४. एवढ्या वेगळ्या वस्तू लावल्यावर ‘ही व्हीनसच’ हे ओळखू येतं कशावरून?

उभं राहण्याच्या ढबीवरून. चेहरा, केस, बोटं सगळं बदललं तरी चालतं. ढब बिघडली की मात्र ती कपडे अडकवायचा पुतळा होते.

अभिजात ढबीचं गणित सोपं आहे. भार एका पायावर. त्या बाजूचा कुल्हा वर, त्याच बाजूचा खांदा खाली. दुसऱ्या पायाचा गुडघा पुढे, टाच किंचित सुटलेली. गळ्याच्या खळीतून ओळंबा सोडला की तो भार घेणाऱ्या पायाच्या घोट्याजवळ पडला पाहिजे. सांगाडा उभा करतानाच ही ओळंब्याची दोरी छताला बांधून ठेवा आणि काम संपेपर्यंत काढू नका. वस्तू चढत जातात तसतशी मूर्ती नकळत सरळ होत जाते, कारण जड वस्तू आपण सोयीसाठी मध्यावर लावतो. अर्ध्यात तपासलं तर दोन सेंटिमीटरची चूक वाकवून निघते, शेवटी तपासलं तर कापावं लागतं.

प्रमाण साडेसात ते आठ डोक्यांचं धरा. डोक्याच्या जागी मोठी वस्तू (दिवा, घमेलं, शिरस्त्राण) येणार असेल तर तिच्या उंचीवरून बाकीचं शरीर मोजा, नाहीतर मूर्ती लहान मुलासारखी दिसते. भारतीय त्रिभंगात डोकं तिसऱ्यांदा वळतं, त्यामुळे यक्षी किंवा शालभंजिकेसाठी (झाडाची फांदी धरून उभी असलेली स्त्रीमूर्ती) मानेचा सांधा आधीच तिरपा धरावा लागतो.

५. सांगाडा कशाचा करावा?

पूर्णाकृतीसाठी भार घेणाऱ्या पायातून थेट मानेपर्यंत एकच अखंड नळी घ्या. २५ ते ३२ मिमी बाहेरच्या व्यासाची, निदान २.५ मिमी जाडीची पोलादी नळी पुरते. ती घोट्याखाली ८ ते १० मिमी जाड तळपत्र्याला वेल्ड करा आणि चारी बाजूंनी त्रिकोणी पट्ट्या द्या. कुल्हा आणि खांदे १२ मिमी सळईचे, हात ८ किंवा १० मिमीचे. दुसरा पाय भार घेत नाही, तरी त्यालाही तळपत्र्यापर्यंत न्या, कारण तो मूर्तीला पिरगळण्यापासून वाचवतो.

सगळ्यात आधी मोडतो तो घोटा, मग मान. अथेन्सच्या एरेक्थिऑन देवळातल्या कॅरिअॅटिडच्या मानेमागच्या जाड वेण्या नुसत्या शोभेच्या नाहीत. छताचं ओझं पेलणारी मान त्या जाड करतात. तीच युक्ती वापरा: साखळी, दोरखंड, केबलचा जुडगा मानेमागून पाठीत उतरवा आणि त्याच्या आत दुसरी सळई दडवा.

६. उभी राहते, पण हात लावला की डुलते. पाया किती मोठा हवा?

मोजून बघा. मूर्तीचं वजन ६० किलो, मध्यापासून पायाच्या कडेपर्यंतचं अंतर ३० सेंमी आणि कोणीतरी दीड मीटर उंचीवर ढकललं, तर ती उलटायला लागणारा जोर ६० × ३० ÷ १५० म्हणजे जेमतेम १२ किलो. गर्दीत एका कोपराचा धक्का तेवढा असतो. पायात आणखी ६० किलो भरले आणि कडेपर्यंतचं अंतर ४५ सेंमी केलं तर तोच आकडा ३६ वर जातो. वजन वाढवण्यापेक्षा पाया रुंद करणं स्वस्त पडतं. रुंद पाया नजरेला खुपत असेल तर तळपत्रा जमिनीला बोल्ट करा.

इथे वजन मूर्तीच्या बरोबर मध्यावर धरलं आहे. प्रश्न ४ मधल्या ढबीमुळे ते एका बाजूला सरकतं, म्हणून जवळच्या कडेचं अंतर धरूनच हिशेब करा. आणि नुसतंच डुलत असेल, उलटत नसेल, तर दोष पायाचा नाही. बहुतेक वेळा घोट्याचं वेल्डिंग किंवा बारीक नळी त्याला कारण असते.

७. कोणत्या वस्तूला कोणता गोंद?

धातू, काच, चिनी माती, कोरडं प्लास्टर यांच्यासाठी दोन भागांचा, सावकाश घट्ट होणारा इपॉक्सी. पाच मिनिटांत आवळणारा इपॉक्सी वस्तू जागेवर धरण्यापुरता वापरा, तो पुढे जास्त पिवळा पडतो आणि ठिसूळही असतो. लाकडाला लाकूड पांढऱ्या गोंदानं. इन्स्टंट गोंद ओढीला बरा, आडव्या ठोक्याला टिकत नाही. हॉट ग्लू फक्त मांडणी ठरवताना, कारण तो उन्हात मऊ होतो आणि थंडीत पापुद्र्यासारखा सुटतो.

आंबूस, व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन तांबं, पितळ, लोखंड यांना लावू नका. त्यातून सुटणारं आम्ल धातू खातं. ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं घ्या. बादल्या, डबे, बाटल्यांची झाकणं ज्या पॉलिथिलिन-पॉलिप्रॉपिलिनची असतात त्याला साधारण कुठलाच गोंद धरत नाही. तिथे स्क्रू, रिव्हेट किंवा तार.

गोंद निवडण्यापेक्षा पृष्ठभाग तयार करणं महत्त्वाचं: ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं खरवडा, धूळ झटका, अॅसिटोननं पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका. काही प्लास्टिक अॅसिटोननं विरघळतात, म्हणून आधी नजरेआड कोपऱ्यावर थेंब टाकून बघा.

८. इपॉक्सीनं पक्का बसवलेला हात सहा महिन्यांनी निसटला. गोंद भेसळीचा होता का?

फारच क्वचित तसं असतं. दोन वस्तू उन्हात वेगवेगळ्या वाढतात, हे खरं कारण. एक मीटर अॅक्रिलिकची पट्टी ३० अंशांच्या फरकात साधारण दोन मिलिमीटर वाढते, तेवढीच पोलादी पट्टी जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर. कडक गोंद मध्ये असेल तर रोज दुपारी तो ताणला जातो आणि एक दिवस कडेपासून उकलतो. लाकडाचंही तसंच, फक्त तिथे उष्णतेपेक्षा ओलावा काम करतो.

उपाय म्हणजे भार गोंदावर ठेवायचाच नाही. सांध्यात खुंटी घाला: हलक्या हाताला ६ मिमी, पूर्णाकृतीच्या हाताला ८ किंवा १० मिमी आटे असलेली स्टेनलेस सळई. भोक सळईपेक्षा दीड-दोन मिमी मोठं, दोन्ही बाजूंना खोली व्यासाच्या निदान पाचपट, म्हणजे ८ मिमीला ४ सेंमी. भोकातली भुकटी फुंकून पूर्ण काढा. भुकटीला चिकटलेला इपॉक्सी भुकटीसकट बाहेर येतो. मोठ्या वस्तूला एका टोकाला घट्ट पकडा आणि दुसऱ्या टोकाचं भोक लांबट ठेवा, म्हणजे तिला सरकायला वाव राहतो.

निसटलेल्या सांध्याकडे नीट बघा. गोंद एकाच बाजूला गुळगुळीत राहिला असेल तर पृष्ठभाग नीट तयार नव्हता. दोन्ही बाजूंना तुटका गोंद असेल तर भार जास्त झाला. प्लास्टरचा पातळ थर गोंदासकट निघाला असेल तर प्लास्टर ओलं होतं (प्रश्न ९).

९. प्लास्टरचं धड ओतायचं आहे. प्रमाण काय? हमखास काय चुकतं?

एक लिटर पाण्याला १.४ ते १.५ किलो प्लास्टर ऑफ पॅरिस. नेहमी पाण्यात प्लास्टर भुरभुरवा, प्लास्टरवर पाणी ओतू नका. दोन मिनिटं भिजू द्या, मग बुडबुडे न येऊ देता तळातून दोन मिनिटं ढवळा. जास्त ढवळलं की ते लवकर आवळतं.

भरीव ओतू नका. पूर्णाकृती धडाचं आकारमान ४० लिटर धरलं तर भरीव प्लास्टर वाळल्यावरही चाळीस किलोंच्या वर जातं. साच्यात तीन थर द्या: पहिला नितळ आणि पातळ, दुसरा-तिसरा तागाचे धागे किंवा गोणपाटाच्या पट्ट्या बुडवून. एकूण जाडी १५ ते २० मिमी. वजन निम्म्याच्या आसपास येतं आणि मजबुती वाढते. आत पोलाद येणार असेल तर त्याला आधी शेलॅक किंवा रंगाचे दोन हात मारा, नाहीतर गंजाचे तपकिरी डाग बाहेर फुटतात.

चुकतं ते वाळवण्यात. वरून खडखडीत दिसलं तरी आत आठ-पंधरा दिवस पाणी असतं. गालाला लावून बघा, गार लागलं तर ओलं आहे. खात्री करायची तर रोज वजन करा, दोन दिवस आकडा हलला नाही की वाळलं. घाईनं ५० अंशांच्या वर तापवू नका, प्लास्टर भुसभुशीत होतं.

सिलिकॉनचा साचा करत असाल तर प्लॅटिनमवर्गी (प्लॅटिनमच्या उत्प्रेरकानं घट्ट होणारं) सिलिकॉन गंधकयुक्त मॉडेलिंग क्लेवर घट्टच होत नाही, चिकट राहतं. क्ले गंधकविरहित घ्या किंवा टिनवर्गी सिलिकॉन वापरा.

१०. जिवंत व्यक्तीच्या अंगावरून साचा काढला तर?

कातडीवर जाड प्लास्टर कधीही लावायचं नाही. आवळताना ते भाजण्याइतकं तापतं. आधी अल्जिनेट (पाण्यात कालवून लावायची, रबरासारखी घट्ट होणारी साच्याची पूड), त्यावर पातळ प्लास्टर बँडेजचं कवच, नाकपुड्या पूर्ण मोकळ्या. अल्जिनेट वाळून आकसतो, म्हणून ओतकाम त्याच दिवशी करा. आणखी एक: जिवंत शरीर अभिजात दिसत नाही. पोट श्वासाबरोबर हलतं, प्लास्टरच्या ओझ्यानं छाती दबते. पुन्हा ढबीकडेच यावं लागतं (प्रश्न ४).

११. वस्त्राच्या चुण्या पुठ्ठ्यासारख्या दिसतात. काय करू?

कापड उभ्या-आडव्या धाग्यात कापलं असणार. ते तिरपं, ४५ अंशांत कापा म्हणजे वळणावर लोळतं. मग चुण्या हातानं ‘करू’ नका. दोन-तीन ठिकाणीच टांगा (खांदा, कुल्हा, पुढे आलेला गुडघा) आणि बाकी वजनानं पडू द्या. चुण्या नेहमी आधाराच्या बिंदूपासून पसरतात. गुडघ्यावर ताण आणि पोटरीशी गोळा झालेला घोळ दिसला की डोळा फसतो. कापड ओलं करून टांगा, आकार ठरवा, फोटो काढा, मग पातळ प्लास्टरच्या राबडीत बुडवून तसंच परत टांगा. जाड राबडीत चुण्यांच्या कडा बोथट होतात.

धातूत हाच परिणाम साखळीतून मिळतो, आणि आमच्या मते जास्त चांगला मिळतो. सायकलची चेन फक्त एकाच दिशेत वाकते, म्हणून ती उभ्या पट्ट्यांसाठी, कॅरिअॅटिडच्या सरळ चुण्यांसारखी. गोल कड्यांची साखळी सगळीकडे वळते, म्हणून झोळासाठी. आधी ग्रीस पूर्ण धुऊन काढा, टांगून झोळ पडू द्या आणि तशाच लोंबत्या अवस्थेत दर चौथ्या-पाचव्या कडीला वेल्डिंगचा ठिपका द्या. खाली आडवी ठेवून जोडली तर तो झोळ पुन्हा येत नाही.

१२. व्हीनसला हात द्यावेत की नाही?

रोबोटचा हात लावणं हा आता सर्वात झिजलेला मार्ग आहे. छातीवर घड्याळाची चाकं लावणंही तसंच. ती वस्तू बाईबद्दल काही सांगत नाही, वेशभूषा करते.

लावायचाच तर हात काय करत होता हे आधी ठरवा, कारण खांद्याचा स्नायू ते आधीच सांगत असतो. समोत्रेसच्या नायकीचा उजवा पंख हे चांगलं उदाहरण आहे. लूव्रमध्ये दिसणारा तो पंख प्लास्टरचा, डाव्या पंखाचं प्रतिबिंब घेऊन केलेला आहे. म्हणजे जगप्रसिद्ध ‘मूळ’ मूर्तीतही भर आहे आणि ती अंगावरच्या उरलेल्या पुराव्यातून आली आहे. हात न देता तुटलेली कड वेगळ्या माध्यमात (काच, मेण, कापलेली पुस्तकं) बंद करणं हाही मार्ग आहे. त्यात खुंटीही लागत नाही.

१३. कोणत्या वस्तू टाळाव्यात?

फोम, विशेषतः पॉलियुरेथेन: काही दशकांत चुरा होतो. मऊ पीव्हीसी, म्हणजे जुन्या बाहुल्या, नळ्या, रेक्झिन: चिकट होतं, धूळ धरतं आणि शेजारच्या धातूला गंज लावतं. रबर बँड. बंद पेटीत ओक लाकूड आणि शिसं एकत्र: लाकडातून निघणाऱ्या आम्लानं शिशावर पांढरी भुकटी येते. लोकर, पिसं, कातडं वापरायचं तर पिशवीत बंद करून उणे २० अंशांत दोन आठवडे ठेवा, कसर मरते.

तब्येतीचं वेगळं: जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याला वेल्डिंग करण्याआधी मुलामा घासून काढा, त्या धुरानं हमखास ताप भरतो. जुन्या रंगवलेल्या खिडक्या-खेळण्यांत शिशाचा रंग असू शकतो, तो कोरडा घासू नका. इपॉक्सी नायट्राइल हातमोजे घालूनच हाताळा, एकदा अॅलर्जी झाली की ती जन्मभर राहते.

१४. उघड्यावर ठेवता येईल का?

प्लास्टर असेल तर नाही. बाकीच्यांसाठी शत्रू साचणारं पाणी. वाटीसारख्या प्रत्येक खोलगट जागेला तळाशी निदान ६ मिमीचं भोक द्या.

दोन वेगळे धातू आणि पाणी एकत्र आले की त्यांतला एक खाल्ला जातो. मोठ्या स्टेनलेसच्या पत्र्यात छोटी अॅल्युमिनियमची रिव्हेट मारली तर रिव्हेट झपाट्यानं जाते. उलट केलं, म्हणजे मोठ्या अॅल्युमिनियममध्ये छोटा स्टेनलेस स्क्रू, तर नुकसान पसरतं आणि सावकाश होतं. नायलॉनचे वॉशर आणि बाही घालून दोघांना वेगळं ठेवा. तांब्याचे केस जस्ताच्या खांद्यावर सोडणं ही खास आपल्या विषयातली चूक आहे. स्पर्श नसला तरी वरून ओघळणारं पाणी तांबं घेऊन येतं आणि जस्त खातं. तांबं खाली ठेवा.

१५. कापडांचा ढीग प्रदर्शनात ठेवायला आयोजक नकार देतात. का?

नेपल्समध्ये भर चौकात उभी केलेली ‘चिंध्यांची व्हीनस’ची मोठी आवृत्ती जुलै २०२३ मध्ये जळून गेली. सैल ढिगात हवा खेळते, म्हणून तो गठ्ठ्यापेक्षा पटकन पेटतो. कापडाला अग्निरोधक द्रावण मारा, पण आधी तुकड्यावर तपासा, कारण क्षारयुक्त द्रावणं रंग बदलतात आणि लागून असलेलं लोखंड गंजवतात. सुती कापडाचं द्रावण पॉलिस्टरवर चालेलच असं नाही. कापड धुतलं की बहुतेक द्रावणं निघून जातात. दिवे ढिगापासून दूर, आणि मूर्तीच्या आत वायरिंग असेल तर कापडाशी स्पर्श नको.

१६. प्राचीन मूर्तीवर कॉपीराइट नसतो ना?

मूर्तीवर नसतो. पण आजच्या शिल्पकारानं केलेली प्रतिकृती, छायाचित्रकाराचा फोटो किंवा कोणी तयार केलेला त्रिमितीय स्कॅन यांवर हक्क किंवा वापराच्या अटी असू शकतात. काही संग्रहालयं स्कॅन मुक्त देतात, तेवढेच निर्धास्तपणे घ्या. इटलीत गोष्ट आणखी वेगळी आहे: तिथल्या २००४ च्या सांस्कृतिक वारसा संहितेनुसार सरकारी संग्रहातल्या कलाकृतीची प्रतिमा व्यापारी कामासाठी वापरायला परवानगी आणि शुल्क लागतं. चित्रकार बोत्तिचेल्लीच्या व्हीनसची प्रतिमा कपड्यांवर छापल्याबद्दल उफिझी संग्रहालयानं २०२२ मध्ये एका फॅशन घराण्याविरुद्ध कारवाई सुरू केली होती.

खऱ्या प्राचीन मूर्तीचा तुकडा कामात वापरू नका, तो कायदेशीर वाटेनं आला असला तरी. भोक पाडलं की ते परत भरत नाही.

१७. पुढे भाग बदलता यावा म्हणून काय करावं?

खुंटी थेट इपॉक्सीत न पुरता भोकात नळीची बाही चिकटवा आणि सळई बाहीत सरकवून आडव्या स्क्रूनं अडवा. नाजूक किंवा मौल्यवान वस्तूला इपॉक्सी लावण्याआधी तिच्यावर पॅरालॉइड बी-७२ (दुरुस्तीकाम करणारे वापरतात ती अॅक्रिलिक राळ) चं अॅसिटोनमधलं १० टक्क्यांचं द्रावण दोनदा लावा. पुढे अॅसिटोननं हा थर विरघळला की सांधा सुटतो. हेच ४०-५० टक्क्यांचं दाट केलं तर हलक्या वस्तूंसाठी गोंद म्हणूनही चालतं, मात्र ४० अंशांच्या आसपास ते मऊ होतं, त्यामुळे भार घेणाऱ्या किंवा उन्हातल्या सांध्याला नको.

सोबत एक कागद द्या: सांध्यांचे फोटो, प्रत्येक ठिकाणचा गोंद, स्क्रूचे माप, उचलायच्या जागा. मूर्ती हातांना धरून उचलायची नाही, हे मोठ्या अक्षरात.

१८. नावपट्टीवर ‘मिश्र माध्यम’ लिहिलं तर चालतं का?

चालतं, पण दुरुस्ती करणाऱ्याच्या काही कामाचं नाही. वस्तू वजनाच्या क्रमानं लिहा: ‘पोलादी नळी, प्लास्टर, सायकलची चेन, सुती साडी, इपॉक्सी’. सापडलेली वस्तू आणि स्वतः ओतलेली प्रत यांतला फरकही नोंदवा. उंची पायासकट आणि पायाशिवाय, अशी दोन्ही द्या.